खाटेशेजारचे पुस्तक

शल्यविद्येचा विद्यार्थी प्रथमच रुग्णालयाच्या वॉर्डात पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा अ‍ॅप्रन असतो, गळ्यात स्टेथोस्कोप असतो आणि अ‍ॅप्रनच्या खिशात एक लहानसे पुस्तक असते. अ‍ॅप्रन आणि स्टेथोस्कोप सर्वांना दिसतात. पुस्तकाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तथापि पुढे दहा वर्षांनी त्याच्या हातून रुग्णाचे भले होणार की अनिष्ट, हे पुष्कळ अंशी त्या पुस्तकावर आणि विद्यार्थ्याने त्याचा उपयोग कसा केला यावर अवलंबून असते. म्हणून शल्यविद्येच्या मार्गदर्शिकांचा प्रश्न केवळ वैद्यकीय महाविद्यालयांच्या चार भिंतींत राहणारा नाही. ज्याच्या घरात कधी कोणाचे पोट दुखले, कोणाचा हात मोडला, कोणाच्या अंगावर गाठ आली, अशा प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, आणि त्यावर एक वर्षाची सक्तीची रुग्णालयीन उमेदवारी. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्याला आळीपाळीने निरनिराळ्या विभागांत पाठवतात. यालाच रुग्णालयाच्या बोलीत पोस्टिंग म्हणतात. शल्यविभागाच्या पोस्टिंगमध्ये सकाळी वॉर्डात जायचे, नेमून दिलेल्या खाटेवरील रुग्णाशी बोलायचे, त्याला तपासायचे आणि मग अध्यापकांसमोर उभे राहून सर्व हकीकत क्रमवार सांगायची, असा परिपाठ असतो. याला विद्यार्थी ‘केस घेणे’ आणि ‘केस मांडणे’ म्हणतात. अध्यापक मध्येच अडवतात, उलट प्रश्न विचारतात. आणि ज्याने रुग्णाला नीट विचारले नसेल त्याची फजिती दहा सहाध्यायांसमक्ष होते. त्या फजितीच्या भयानेच खिशातले पुस्तक जन्माला आले, असे म्हटले तरी चालेल.

पांढुर्णा आणि सौंसर या भागातील मुलांना हे चित्र परके नाही. संत्र्यांच्या बागांचा आणि कापसाच्या शेतांचा हा मुलूख मध्य प्रदेशात असला तरी घरातली भाषा मराठी आहे. १९५६ सालापर्यंत जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर हीच होती. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर एका बाजूस गेले आणि छिंदवाडा जिल्हा दुसऱ्या बाजूस राहिला; परंतु आजाऱ्याला सीमा कळत नाही. पांढुर्ण्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या नागपूरकडेच गंभीर रुग्णांची वाहने आजही धावतात. त्या शहरात १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले आणि १९४७ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. दुसऱ्या दिशेस, सातपुड्याचा घाट चढून गेल्यावर छिंदवाडा लागते. तेथे २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. अशा रीतीने या भागातील शेतकऱ्याचा मुलगा वा मुलगी डॉक्टर होण्याची वाट पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. आता विचार करावयाचा तो एवढाच, की त्या मुलाच्या खिशात जे पुस्तक जाईल ते त्याला रुग्णाच्या जवळ नेणारे असेल की दूर.

शल्यविद्येचे शिक्षण पुस्तकाने कसे करावे, हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे शस्त्रकर्माचा सराव यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड यांसारख्या फळांवर करावा. भेदण्याचा सराव पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर करावा. शीर वेधण्याचा सराव मृत जनावराच्या शिरांवर वा कमळाच्या देठावर करावा. शिवण्याचा सराव जाड व मऊ कापडाच्या कडांवर, पट्टी बांधण्याचा सराव मनुष्याकृती पुतळ्यावर करावा, असे त्यात सांगितले आहे. नुसता ग्रंथ जाणणारा आणि नुसते हातचे कर्म जाणणारा हे दोघेही अपुरे, असाही त्या आचार्यांचा अभिप्राय आहे. येथे पाहण्यासारखे हे, की शल्यविद्येच्या या जुन्या मार्गदर्शिकेने विद्यार्थ्याच्या हाती उत्तरांची यादी दिली नाही. तिने त्याला पुस्तक मिटून कामाला लावले.

आधुनिक काळात मराठीतून वैद्यक शिकवण्याचा पहिला प्रयत्न मुंबईत झाला. १८२६ साली तेथे देशी विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यकीय शाळा निघाली. तिचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी वैद्यकाची काही पुस्तके मराठीत उतरवली. परंतु ती शाळा १८३२ साली बंद पडली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि तेथील मुख्य शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले. तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती माध्यमांचेही वर्ग चालले, आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या अध्यापकांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. हा प्रवाह पुढे क्षीण झाला. त्याची सर्व कारणमीमांसा येथे करण्याचे प्रयोजन नाही. इतकेच ध्यानात घ्यावे, की शल्यविद्येचे पुस्तक इंग्रजी आणि शल्यविभागातील रुग्ण मराठी, ही विसंगती तेव्हापासून चालत आली आहे.

इंग्रजीत जी पुस्तके आली त्यांतील उत्तम पुस्तकांचे ऋण मात्र मान्य केले पाहिजे. १९२१ साली लंडनचे शल्यचिकित्सक झकारी कोप यांनी अकस्मात उद्भवणाऱ्या पोटदुखीच्या निदानावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. धडधाकट माणसाच्या पोटात तीव्र वेदना सुरू होऊन ती सहा तासांहून अधिक टिकली, तर शल्यचिकित्सकाची गरज असण्याचा संभव मोठा, हा त्यांतला व्यावहारिक नियम जगभरच्या विद्यार्थ्यांनी पाठ केला. १९२७ साली हॅमिल्टन बेली यांनी शल्यरोगांची शारीरिक लक्षणे प्रत्यक्ष रुग्णांच्या छायाचित्रांसह दाखवणारे पुस्तक काढले. बेली यांच्या डाव्या हाताची तर्जनी जंतुसंसर्गामुळे कापून टाकावी लागली होती, आणि तरीही ते शस्त्रक्रिया करीत राहिले. बोटाने स्पर्श करून काय कळते हे शिकवण्याची आस्था अशा माणसाच्या ठायी किती असेल याची कल्पना करावी. १९३२ साली बेली आणि मॅक्नील लव्ह यांनी मिळून लिहिलेला शल्यविद्येचा ग्रंथ आजही नव्या नव्या आवृत्त्यांनी निघत असून भारतीय विद्यार्थ्यांच्या टेबलावर तो आढळतोच. आपल्या देशात कोलकात्याचे डॉ. एस. दास यांचे रुग्णतपासणीवरील पुस्तक आणि मंगळूरचे डॉ. श्रीराम भट यांचे शल्यविद्येचे पुस्तक यांनी अनेक पिढ्यांना आधार दिला. ग्वाल्हेरच्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. बी. डी. चौरसिया यांची शरीररचनेची पुस्तके तर त्यांतल्या साध्या, विद्यार्थ्याला स्वतः काढता येतील अशा आकृत्यांमुळे घरोघरी गेली. मध्य प्रदेशातल्या एका अध्यापकाने सर्व देशाला शिकवले, ही गोष्ट पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्याने अभिमानाने स्मरावी अशीच आहे.

या उत्तम पुस्तकांत एक समान गुण आढळतो. ती विद्यार्थ्याला सांगतात की आधी विचार, मग पाहा, मग हात लाव, मग ठोकून पाहा, मग ऐक. आणि हे सर्व झाल्यावरच रोगाचे नाव घे. हा क्रम नीरस वाटतो, परंतु त्यात मोठे शहाणपण आहे. ज्याला अंतर्गळ म्हणतात, म्हणजे जांघेत उतरणारी आतड्याची गाठ, ती रुग्ण निजलेला असता पुष्कळदा आत जाते आणि दिसत नाही. रुग्णाला उभे करावे, खोकावयास सांगावे आणि त्या जागी बोटे ठेवावी, म्हणजे ती बोटांना धक्का देते. पुस्तकातील ही एक ओळ ज्याने पाळली नाही, तो खाटेवर निजलेल्या रुग्णाला तपासून सर्व ठीक असल्याचे लिहून मोकळा होतो. तोच अंतर्गळ एखाद्या रात्री अडकतो, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि जी शस्त्रक्रिया सावकाश व निर्धास्तपणे करता आली असती ती धावपळीत व धोक्यात करावी लागते.

पुस्तके चुकतही असतात, किंवा अधिक न्यायाने बोलावयाचे तर काळाच्या मागे पडतात. कोप यांच्या काळी अशी शिकवण होती की पोटदुखीचे निदान ठरेपर्यंत रुग्णाला अफूपासून बनलेले वेदनाशामक औषध देऊ नये. दिले तर लक्षणे झाकली जातील. पुढे अनुभवाने आणि संशोधनाने दिसून आले की योग्य प्रमाणात वेदना शमवल्याने निदानाला बाध येत नाही, उलट शांत झालेल्या रुग्णाचे पोट अधिक चांगले तपासता येते. कोप यांच्याच ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांनी ही जुनी शिकवण सोडली. म्हणून जुन्या बाजारातून स्वस्तात घेतलेली आवृत्ती वापरणाऱ्याने सावध असावे. गरीब विद्यार्थ्याने जुने पुस्तक घेण्यात कमीपणा नाही; पण उपचाराची गोष्ट आली की नव्या आवृत्तीशी ताडून पाहण्याचा कंटाळा करता कामा नये.

या ग्रंथांच्या खालोखाल आता मार्गदर्शिकांची एक निराळीच जात बाजारात आली आहे. तीत रोगाचे नाव आधी असते आणि लक्षणे मागाहून. प्रश्न असतात आणि त्यांची ठरीव उत्तरे असतात. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा चार पर्यायांतून एक निवडण्याच्या पद्धतीची झाल्यापासून या पुस्तकांचे राज्य वाढले. विद्यार्थी उमेदवारीच्या वर्षात असतो, वॉर्डात वीस रुग्ण असतात, आणि त्याचे डोळे मात्र प्रश्नसंचावर असतात. त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. जागा थोड्या, स्पर्धा मोठी, आणि घरी बापाने बागेवर काढलेले कर्ज. तथापि परिणाम टळत नाही. पुस्तकातील रुग्णाला एकच रोग असतो, तो आपली लक्षणे क्रमाने सांगतो आणि चार पर्यायांपैकी एकात बरोबर बसतो. वॉर्डातील रुग्ण यांपैकी काहीच करीत नाही.

आंत्रपुच्छाच्या दाहाचेच उदाहरण घ्यावे. सर्व मार्गदर्शिका सांगतात की वेदना प्रथम बेंबीच्या आसपास सुरू होते, मग काही तासांनी पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस येऊन स्थिरावते. तेथील विशिष्ट बिंदूचे वर्णन न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली केले, आणि तो बिंदू त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे सर्व खरे आहे. पण आंत्रपुच्छ सर्वांच्या पोटात एकाच दिशेला वळलेले नसते. ते आतड्याच्या मागे दडले असेल तर पोटाऐवजी पाठीकडे दुखते. गर्भवती स्त्रीत वेदनेची जागा वर सरकू शकते. वृद्धांत आणि लहान बालकांत लक्षणे पुसट असतात. ज्याने केवळ बिंदू पाठ केला तो या रुग्णांना घरी पाठवतो. ज्याने पंचवीस पोटांवर स्वतःचा हात ठेवला आहे तो एक रात्र ठेवून घेतो आणि दर दोन तासांनी पुन्हा तपासतो.

याचा अर्थ लहान पुस्तक वाईट असा मुळीच नाही. यादीचा उपयोग किती मोठा असू शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली दाखवून दिले. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी तिने एकोणीस कलमांची एका पानाची यादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळी ती मोठ्याने वाचायची. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, औषधाची ॲलर्जी आहे काय, कापसाचे बोळे आणि सुया मोजल्या काय, असे साधे प्रश्न तीत आहेत. ही यादी उत्तरे पुरवीत नाही. ती सर्वांना थांबवून रुग्णाकडे पाहावयास लावते. चांगली मार्गदर्शिका ओळखण्याची कसोटी हीच मानावी. पान वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला खाटेपाशी जावेसे वाटले तर पुस्तक चांगले, आणि खाटेपाशी जाण्याचे कारणच उरले नाही असे वाटले तर ते कितीही खपत असले तरी घातक.

आता पुस्तके ज्याविषयी गप्प आहेत त्या गोष्टीकडे वळू. वेदनेची हकीकत कशी घ्यावी याचा एक ठरलेला क्रम मार्गदर्शिकांत असतो: कोठे, केव्हापासून, कशा प्रकारची, कोठे पसरते, सोबत काय होते, कशाने वाढते, कशाने थांबते, किती तीव्र. यांतील ‘कशा प्रकारची’ या प्रश्नावर इंग्रजी पुस्तकात चारपाच विशेषणे छापलेली असतात, आणि विद्यार्थी त्यांतील एक केसपेपरावर लिहितो. परंतु पांढुर्ण्याच्या रुग्णाने ते विशेषण उच्चारलेले नसते. त्याने मराठी शब्द उच्चारलेला असतो, आणि तो शब्द पुष्कळदा पुस्तकापेक्षा अधिक नेमका असतो.

पाहा, ‘कळ येते’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा वेदना उठते, शिगेला पोचते आणि ओसरते. आतडे, मूत्रनलिका, पित्तनलिका अशी पोकळ नळी अडथळ्यावर जोर करीत असली म्हणजे अशीच वेदना होते. ‘ठणकते’ असे तो म्हणतो तेव्हा नाडीच्या ठोक्याबरोबर दुखते. तेथे पू धरला असण्याची शंका घ्यावी. ‘रात्रभर ठणक्याने झोप नाही’ हे गळवाविषयीचे वाक्य शल्यचिकित्सकाला पुष्कळ काही सांगून जाते. ‘चमक मारते’ म्हणजे वेदना क्षणात एका ठिकाणाहून दुसरीकडे धावते, जशी दबलेल्या मज्जातंतूची. ‘जळजळते’ हा शब्द जठराकडे बोट दाखवतो. ‘मुरडा’ आला म्हणजे आतड्याची कळ आणि शौचाची घाई एकत्र आली. ‘दडपल्यासारखे वाटते’ असे एखाद्या वयस्क माणसाने पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवून म्हटले, तर पोटाआधी हृदयाचा विचार करावा. हे शब्द कोणत्याही विद्यापीठाने बनवलेले नाहीत. आजीने नातवाला, सुइणीने बाळंतिणीला आणि शेतकऱ्याने शेजाऱ्याला दुःख सांगता सांगता ते घडवले आहेत. शब्दाला निदान समजू नये, हे खरेच. रुग्ण शब्द सैलपणेही वापरतात. परंतु मराठी मातेच्या पोटी जन्मलेला विद्यार्थी वॉर्डात गेल्यावर हे शब्द विसरतो आणि रुग्णाच्या तोंडी पुस्तकातले विशेषण घालतो, तेव्हा तो हातातला दिवा विझवून अंधारात चाचपडू लागतो.

उलट पक्षी, काही ठिकाणी आपल्या बोलण्यातली समजूतच घात करते. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज उच्चारले जाते! स्त्रीच्या स्तनात गाठ येते, ती दुखत नाही, कामात अडथळा करीत नाही. शिवाय दाखवण्याची लाज. महिने लोटतात. शल्यविद्येच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत मात्र लिहिलेले असते की कठीण आणि न दुखणारी गाठ ही अधिक संशयास्पद. पुस्तकात हा एकच शब्द असतो, ‘वेदनारहित’. त्या एका शब्दामागे किती घरांचे उशिरा उमगलेले दुःख आहे हे विद्यार्थ्याला पुस्तकातून कळणार नाही. ते त्याला तेव्हा कळेल, जेव्हा तो परिचारिकेला सोबत घेऊन, पडदा ओढून, आईच्या वयाच्या त्या बाईला ‘मावशी, केव्हापासून आहे हो ही गाठ?’ असे आदराने विचारील आणि उत्तराची वाट पाहील. घाई केली तर ‘आत्ताच आली’ असे उत्तर मिळते; वाट पाहिली तर ‘गेल्या दिवाळीपासून’ असे मिळते. या दोन उत्तरांतले अंतर कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही.

पांढुर्ण्याला तर शल्यविद्येचा एक कठोर पाठ दर वर्षी गावातच मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा उभा करतात, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. शेकडो लोक जखमी होतात. जीवही गेले आहेत. या प्रथेचे समर्थन वा खंडन हा येथील विषय नव्हे. त्या दिवशी तात्पुरत्या उपचारकेंद्रांत जे तरुण डॉक्टर टाके घालीत असतात, त्यांच्यापुढे मार्गदर्शिकेतील एक विशिष्ट ओळ जिवंत होऊन उभी राहते, तिचा विचार करावयाचा आहे.

कानशिलाचे हाड कवटीत सर्वांत पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. दगड तेथे लागला आणि हाड तडकले, तर ती रोहिणी फुटून कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. अशा काही रुग्णांच्या बाबतीत एक फसवा काळ येतो. माराने क्षणभर शुद्ध गेलेला तरुण उठून बसतो, बोलतो, पाणी पितो, ‘मला काही झाले नाही’ म्हणून पुन्हा नदीकडे निघतो. काही तासांनी त्याचे डोके दुखू लागते, ओकारी होते, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. तेव्हा नागपूर शंभर किलोमीटर दूर असते. वेळीच कवटी उघडून रक्त काढले तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. उशीर झाला तर तो हातचा जातो. परीक्षेत या फसव्या काळाला एक गुण असतो. पात्राच्या काठावर तो एका आईचा मुलगा असतो.

अशा जखमीची शुद्ध मोजण्यासाठी ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोघा चिकित्सकांनी १९७४ साली एक मापनपद्धती प्रसिद्ध केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींना गुण द्यावयाचे. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. ही पद्धती आज प्रत्येक मार्गदर्शिकेत आहे. तीतील बोलण्याचे गुण रुग्ण भानावर राहून उत्तर देतो की नाही यावर ठरतात. आता घाबरलेल्या, धुळीने माखलेल्या खेड्यातल्या मुलाला परक्या भाषेत ‘आज कोणती तारीख?’ असे विचारले आणि तो गोंधळला, तर त्याचा मेंदू बिघडला की प्रश्न? त्यालाच ‘दादा, काल कोणता सण होता?’ असे विचारावे. भानावर असेल तर ‘पोळा’ हे उत्तर तत्काळ येईल. माप ग्लासगोचे असो, ते लावण्याची बोली पांढुर्ण्याचीच हवी.

येथे भाषेचा मोठा प्रश्न उभा राहतो. मध्य प्रदेश शासनाने २०२२ साली वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची तीन पुस्तके हिंदीत आणली. त्यांत पुष्कळ पारिभाषिक शब्द इंग्रजीच असून ते देवनागरीत छापले आहेत. यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. इंग्रजी सुटली तर जगातील नव्या ज्ञानाशी संबंध तुटेल, ही एका पक्षाची भीती खोटी नाही. खेड्यातील बुद्धिमान मूल इंग्रजीच्या उंबऱ्यावरच अडखळते, ही दुसऱ्या पक्षाची व्यथाही खोटी नाही. परंतु शल्यविभागाच्या खाटेपाशी या वादाचे स्वरूप थोडे पालटते. विद्यार्थ्याने पुस्तक कोणत्याही भाषेत वाचावे. रुग्णाला मात्र एकच भाषा येते, आणि दुःखात तर माणूस लहानपणीच्या भाषेकडेच परततो. म्हणून पुस्तक इंग्रजी असो की हिंदी, त्याच्या जोडीला रुग्णाच्या भाषेचे एक पान हवेच.

ते पान कोणी छापून देण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१९ साली आलेल्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते. तिलाच लॉगबुक म्हणतात. तिच्याच शेवटच्या काही पानांवर विद्यार्थ्याने दोन रकाने आखावे. डाव्या रकान्यात रुग्णाने उच्चारलेला शब्द जशाच्या तसा लिहावा, मग तो वऱ्हाडी असो, गोंडी असो वा हिंदी; उजव्या रकान्यात पुढे निघालेले निदान लिहावे. वर्षाच्या शेवटी त्या वहीत जे जमेल ते कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. वॉर्डातील वडीलधाऱ्या परिचारिका आणि आया यांना अशा शब्दांचे भांडार ठाऊक असते. त्यांना विचारण्यात डॉक्टरकीला उणेपणा येत नाही. अध्यापकांनी केस ऐकताना एकदा तरी विचारावे, ‘हे तुझे शब्द झाले, त्यांचे शब्द काय होते?’ एवढ्या एका प्रश्नाने वर्गाची सवय पालटेल.

छापील मार्गदर्शिकेचा उपयोग कसा करावा याचाही क्रम सांगता येईल. पोस्टिंगच्या आदल्या रात्री तपासणीची पद्धत वाचावी, रोगाचे वर्णन वाचू नये. सकाळी रुग्णाशी बोलताना पुस्तक खिशातच असू द्यावे. हकीकत लिहून झाल्यावर आणि तपासणी संपल्यावर ते उघडावे आणि आपण काय विचारावयाचे विसरलो ते पाहावे. मग पुन्हा रुग्णाकडे जाऊन तेवढेच विचारावे. संध्याकाळी मोठा ग्रंथ काढून त्या एका रुग्णाच्या रोगाचे प्रकरण वाचावे. रोज एक रुग्ण आणि एक प्रकरण असा नेम ठेवला, तर पोस्टिंगच्या अखेरीस जे ज्ञान जमेल त्याला चेहरे आणि नावे असतील, आणि चेहऱ्यांशी जोडलेले ज्ञान विस्मरणात जात नाही. प्रश्नसंच त्यानंतर सोडवावे. तेव्हा ते जड जात नाहीत, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या घरातून जे मूल या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात जाईल, त्याच्या आईबापांनी फी भरावी, पुस्तके घेऊन द्यावी, हे तर आलेच. त्यासोबत त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगावी, की बाळ, तू ज्या खाटेपाशी उभा राहशील तिच्यावर कोणीतरी आपल्यासारखेच बोलणारे माणूस असेल. त्याला आपल्या भाषेत विचार आणि त्याचे बोलणे पुरे होऊ दे. पुस्तक नंतर उघडता येते.